साखरपाणी, जुनी काच आणि हमिंगबर्ड

हमिंगबर्डचे पक्षिकुल केवळ उत्तर व दक्षिण अमेरिकेत आणि त्यांच्या लगतच्या बेटांवर आढळते. अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या तिएरा देल फुएगोपर्यंत त्याच्या सुमारे ३६० जाती पसरलेल्या आहेत. जर्मनीत सापडलेल्या सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांवरून त्यांचे आप्त एके काळी युरोपातही होते असे दिसत असले, तरी आज जुन्या जगात त्यांची एकही जात नांदत नाही. महाराष्ट्रात जास्वंदीभोवती भिरभिरणाऱ्या शिंजिराला अनेकजण हौसेने हमिंगबर्ड म्हणतात, परंतु शिंजीर निराळ्या कुळातला असून दोघांतील साम्य नात्याचे नाही, तर फुलातला मधुरस पिऊन जगण्याच्या सारख्या गरजेतून स्वतंत्रपणे घडलेले आहे.

अमेरिकेच्या पूर्व भागात नियमितपणे वीण करणारी या कुळातील एकच जात आहे, ती म्हणजे माणकासारख्या लाल गळ्याचा रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड. सुमारे तीन ग्रॅम वजनाचा आणि जेमतेम आठ-नऊ सेंटीमीटर लांबीचा हा पक्षी हिवाळा दक्षिण मेक्सिको व मध्य अमेरिकेत काढतो, वसंत ऋतूत उत्तरेकडे निघतो आणि त्यांतील कित्येक पक्षी मेक्सिकोच्या आखातावरील सुमारे ८०० किलोमीटरचे अंतर कोठेही न थांबता एका दमात तोडतात. एप्रिलच्या अखेरीस ते न्यू जर्सीच्या परसांत दिसू लागतात आणि सप्टेंबर सरता सरता निघून जातात. पॅसिफिक किनाऱ्यावर मात्र ॲनाचा हमिंगबर्ड बाराही महिने मुक्कामाला असतो. रने लेसन या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८२९ साली एका सरदारपत्नीच्या नावावरून त्याचे नामकरण केले. मूळचा दक्षिण कॅलिफोर्निया व त्याखालच्या भागातील हा पक्षी विसाव्या शतकात लोकांनी लावलेल्या बागांच्या आणि टांगलेल्या खाद्यपात्रांच्या आधाराने थेट कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियापर्यंत पोहोचला. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे पक्षी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सहज दिसतात, आणि पक्ष्याचे इतके निकट येणे हाच या लेखातील छायाचित्रणाचा खरा पाया आहे.

पक्षी निकट येतो तो साखरपाण्यासाठी. परसात टांगलेल्या खाद्यपात्रात एक भाग साधी पांढरी साखर आणि चार भाग पाणी असे मिश्रण भरले जाते, कारण या पक्ष्यांच्या आवडत्या फुलांतील मधुरसाची गोडी साधारण तेवढीच असते. पाण्यात लाल रंग घालण्याची काही गरज नसते, पात्राचा लाल भाग पक्ष्याला खुणावण्यास पुरेसा होतो. मध घालणे तर टाळावेच, कारण पातळ केलेल्या मधात बुरशी व आंबवण लवकर धरते आणि ते पक्ष्याला बाधते. उन्हाळ्याच्या दिवसांत दोन-तीन दिवसांनी पात्र रिकामे करून गरम पाण्याने घासावे लागते. ज्यांना हे जमणार नसेल त्यांनी पात्र न टांगता मोनार्डा, लाल लोबेलिया, साल्व्हिया किंवा तुतारीसारख्या नारिंगी फुलांची कँप्सिस वेल लावणे श्रेयस्कर, कारण अस्वच्छ पात्रापेक्षा पात्र नसलेले परस पक्ष्याच्या अधिक हिताचे असते.

अशा परसात येणाऱ्या हमिंगबर्डचे छायाचित्र काढण्यासाठी आजच्या बाजारात अतिशय वेगवान आणि तितकीच महाग साधने मिळतात. पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर आपोआप फोकस साधणारे कॅमेरेही सर्रास झाले आहेत. तरीही छायाचित्रकारांचा एक वर्ग जाणूनबुजून पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या, पूर्णपणे हाताने फिरवण्याच्या लेन्स वापरतो. हा निव्वळ जुन्या गोष्टींचा सोस आहे असे वरवर वाटते, परंतु इतिहास पाहिला तर हमिंगबर्डच्या छायाचित्रणाची सारी पायाभरणी अशाच लेन्सनी झालेली दिसते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक हॅरल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात विजेच्या अतिसूक्ष्म झोताने गतिमान वस्तू चित्रात थिजवण्याचे तंत्र विकसित केले आणि त्यांनी टिपलेली हमिंगबर्डची उड्डाणे १९४७ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकात झळकली. त्यांच्यानंतर क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी या छंदाला शास्त्राचे रूप दिले. द्यूपाँ या रसायन कंपनीचे अध्यक्षपद सांभाळत असतानाच त्यांनी दक्षिण अमेरिकेपर्यंत हिंडून या पक्ष्यांची चित्रे घेतली आणि त्यांचा ‘हमिंगबर्ड्स’ हा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. आपोआप फोकस साधणारे एसएलआर कॅमेरे सर्वसामान्यांच्या हाती आले ते १९८५ नंतर. म्हणजे ग्रीनवॉल्ट यांच्या ग्रंथातील प्रत्येक पक्षी हाताने फिरवलेल्या कड्याने फोकसमध्ये आणलेला आहे.

हे शक्य होते, कारण हमिंगबर्डचे चापल्य जितके अनियमित भासते तितके ते नसते. त्याच्या शरीराचा जमाखर्च इतका काटेकोर असतो, की दिवसभर त्याला पुन्हापुन्हा मधुरसाकडे परतावेच लागते. एखाद्या परसावर हक्क सांगणारा नर तर ठरावीक वाळक्या डहाळीवर बसून पहारा देतो, घुसखोर दिसताच झेप घेतो आणि परत त्याच डहाळीवर येतो. शिवाय तो पात्राच्या छिद्रात चोच घालून एक-दोन वेळा रस पितो, मग दोन-चार सेंटीमीटर मागे सरकून क्षणभर हवेत तरंगतो आणि पुन्हा पुढे येतो. हा मागे सरकून तरंगण्याचा क्षण म्हणजेच चित्राचा क्षण होय. त्यामुळे पक्ष्याचा पाठलाग करण्याऐवजी तो जेथे तरंगणार आहे त्या जागी आधीच फोकस लावून ठेवणे, म्हणजे सापळा रचून थांबणे, ही येथील मुख्य रीत ठरते. आणि एकदा सापळा रचायचा म्हटल्यावर लेन्समध्ये मोटर आहे की नाही हा प्रश्न उरत नाही.

सापळा रचण्याची कृती अशी. खाद्यपात्राच्या एकूण छिद्रांपैकी एकच उघडे ठेवून बाकीची चिकटपट्टीने बंद केली जातात, म्हणजे पक्ष्याची जागा निश्चित होते. त्या छिद्रापासून चोचीच्या लांबीपेक्षा थोड्या जास्त अंतरावर एखादी बारीक काडी धरून तिच्यावर फोकस साधला जातो आणि काडी काढून घेतली जाते. कॅमेरा ट्रायपॉडवर अशा रीतीने ठेवतात की तरंगणाऱ्या पक्ष्याची कूस लेन्सला समांतर यावी, म्हणजे चोचीचे टोक, डोळा आणि शेपूट एकाच प्रतलात राहतील. छायाचित्रकार दूर बसून दूरनियंत्रकाने शटर चालवतो. काही पेंटॅक्स डिजिटल कॅमेऱ्यांत याहून गमतीदार सोय आहे: हाताने फिरवायची लेन्स लावून शटरची कळ दाबून धरली, तर फोकसच्या जागी काही येईपर्यंत कॅमेरा गप्प राहतो आणि ते येताच स्वतःच चित्र घेतो.

मुळात जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसते कशी, हे समजून घेण्यासाठी एका मापाची ओळख करून घ्यावी लागते. लेन्स जेथे कॅमेऱ्याला टेकते ती कडी आणि आतील फिल्म किंवा सेन्सर यांच्यातील अंतर प्रत्येक कॅमेरापद्धतीत ठरलेले असते. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांत मधे हलणारा आरसा असल्यामुळे हे अंतर मोठे असे: एम४२ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पेचाने आवळायच्या बैठकीत ते ४५.४६ मिलिमीटर आणि निकॉनच्या १९५९पासून चालत आलेल्या एफ बैठकीत ४६.५ मिलिमीटर असते. आरसा काढून टाकलेल्या आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांत ते बरेच कमी झाले असून सोनीच्या ई बैठकीत १८, तर निकॉनच्या झेड बैठकीत अवघे १६ मिलिमीटर आहे. या दोन मापांतील फरकाएवढ्या लांबीची पोकळ धातूची नळी, म्हणजेच ॲडॅप्टर, मधे बसवला की जुनी लेन्स आपल्या मूळ अंतरावर येते आणि दूरच्या डोंगरापर्यंत सर्वत्र फोकस देते. या नळीत कोणतीही काच किंवा वीजजोडणी नसल्याने ती स्वस्त असते. उलट एम४२ लेन्स निकॉनच्या जुन्या एफ बैठकीवर लावायची झाल्यास एक मिलिमीटरची जागा कमी पडते आणि ती भरून काढण्यासाठी भिंग घातलेला ॲडॅप्टर वापरावा लागतो, ज्याने चित्राचा दर्जा बहुधा उतरतो. हमिंगबर्ड मात्र जवळच तरंगत असल्यामुळे दूरचा फोकस गमावूनही साध्या कडीवर काम भागते.

परसातील कामासाठी १३५ मिलिमीटर नाभीय अंतराच्या लेन्स सर्वांत सोयीच्या समजल्या जातात. साठ-सत्तरच्या दशकांत जपान, पूर्व जर्मनी आणि सोव्हिएत संघ या तिन्ही ठिकाणी त्यांचे अमाप उत्पादन झाले, त्यामुळे त्या आजही तुलनेने स्वस्तात मिळतात. असाही ऑप्टिकल या जपानी कंपनीची टाकुमार १३५ एफ/३.५, सोव्हिएत ज्युपिटर-३७ए आणि पूर्व जर्मनीची पेंटाकॉन १३५ एफ/२.८ ही त्यांतील परिचित नावे. येथील एफ हा आकडा लेन्समधील प्रकाशछिद्राचा मोठेपणा सांगतो आणि तो जितका लहान तितके छिद्र मोठे असते. हे छिद्र लहानमोठे करणाऱ्या धातूच्या पात्यांची संख्या आजच्या लेन्समध्ये साधारणपणे सात ते नऊ असते, पण ज्युपिटर-३७एमध्ये ती बारा आणि पेंटाकॉनच्या आरंभीच्या आवृत्तीत पंधरा होती, त्यामुळे छिद्र लहान केले तरी ते गोलच राहते आणि पानांमधून झिरपणारे उन्हाचे कवडसे पार्श्वभूमीवर कोनदार न दिसता गोल दिसतात.

टाकुमार १३५ ही लेन्स दीड मीटरपर्यंत जवळ आणता येते. त्या अंतरावर नऊ सेंटीमीटरचा पक्षी सेन्सरवर साधारण दहा मिलिमीटरचा उमटतो, म्हणजे मध्यम आकाराच्या, ज्याला एपीएस-सी म्हणतात अशा सेन्सरची निम्म्याहून थोडी कमी रुंदी व्यापतो. छिद्र एफ/३.५ एवढे पूर्ण उघडे ठेवले तर रेखीव दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी जेमतेम सव्वा सेंटीमीटर भरते, आणि एफ/८पर्यंत आवळले तर ती तीन सेंटीमीटरांच्या जवळ जाते. चित्र याहून मोठे हवे असल्यास लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये वीस मिलिमीटरची पोकळ वाढीव नळी घालतात. मग पक्षी सेन्सरवर दुपटीहून मोठा होतो, पण कॅमेरा पक्ष्यापासून सुमारे ऐंशी सेंटीमीटरवर आणावा लागतो आणि रेखीव पट्टा त्याहूनही कितीतरी अधिक आकसतो. हमिंगबर्ड माणसाला फारसा बुजत नसल्यामुळे आणि ट्रायपॉडवरच्या निश्चल कॅमेऱ्याची त्याला लवकर सवय होत असल्यामुळे इतक्या जवळचे छायाचित्रण शक्य होते. अन्य बहुतेक पक्ष्यांच्या बाबतीत ते करून पाहण्यात अर्थ नसतो.

आणखी जवळ जाण्याची तयारी असेल, तर हौशी मंडळींच्या विशेष प्रेमातली हेलिओस ४४-२ ही सोव्हिएत लेन्सही येथे कामी येते. झाइसच्या बायोटार या जर्मन रचनेवर बेतलेली ५८ मिलिमीटर एफ/२ची ही लेन्स पक्ष्यांसाठी फारच आखूड, असे ऐकताना वाटते. प्रत्यक्षात ती अर्ध्या मीटरपर्यंत जवळ फोकस करत असल्याने तिने पक्ष्याची उमटवलेली प्रतिमा दीड मीटरवरच्या टाकुमारपेक्षा मोठी, सुमारे चौदा मिलिमीटरची असते. तिच्या पूर्ण उघड्या छिद्रातून चित्राच्या कडेकडे जाणारा प्रकाश लेन्सच्या नळीच्या काठाने अंशतः अडतो, तेथील गोल कवडसे बदामाच्या आकाराचे होतात आणि भिंगाच्या अन्य दोषांशी मिळून मागची पाने पक्ष्याभोवती गरगरत असल्याचा भास निर्माण होतो. मात्र ही गरगर फक्त पूर्ण उघड्या छिद्रावर दिसते, आणि त्या वेळी रेखीव पट्टा जेमतेम चार मिलिमीटरचा उरतो. डोळा त्या पट्ट्यात सापडला तर चित्र साधले, नाही तर शंभर चित्रे पुसून टाकायची, असा हा मामला असतो.

फोकसचा प्रश्न अशा रीतीने सुटतो; पंखांचा प्रश्न त्याहून अवघड आहे. तरंगताना रूबी-थ्रोटेड हमिंगबर्डचे पंख सेकंदाला सुमारे पन्नास वेळा हलतात. सुमारे साडेचार सेंटीमीटरचा पंख प्रत्येक खेपेला दीडशे अंशांचे वर्तुळखंड कापतो असे धरले, तर पंखाचे टोक एका सेकंदात सरासरी बारा मीटर प्रवास करते. १/४००० सेकंद या, आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांना परवडणाऱ्या वेगावरही ते तीन मिलिमीटर सरकलेले असते, आणि खेपेच्या मध्यावर, जेथे वेग कमाल असतो, तेथे याहूनही अधिक; साहजिकच चित्रात पंखाच्या जागी धूसर पडदा उमटतो. पंख पुढून मागे वळतो त्या टोकाच्या क्षणी मात्र तो निमिषार्ध थांबतो आणि नशिबाने शटर तेव्हाच उघडले तर पिसे स्पष्ट येतात. शटरऐवजी सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक वाचनावर विसंबल्यास वेगळीच अडचण उद्भवते: बहुतेक सेन्सर ओळीमागून ओळ असे वाचले जात असल्यामुळे वाचन खालपर्यंत पोहोचेतो पंख हललेला असतो आणि तो वाकडा, कधी तुटल्यासारखा दिसतो.

एजर्टन आणि ग्रीनवॉल्ट यांनी याचे उत्तर शटरमध्ये न शोधता प्रकाशात शोधले, आणि तेच आजही लागू पडते. साधा हातफ्लॅश पूर्ण शक्तीने न उडवता सोळाव्या किंवा बत्तिसाव्या हिश्शाने उडवला, तर त्याचा झोत केवळ मंद होत नाही, तर कालावधीनेही तोकडा होतो आणि सेकंदाच्या दहा हजाराव्या अंशाहून कमी वेळ टिकतो. पात्र सावलीत टांगून, छिद्र एफ/८ ठेवून आणि शटर १/२०० सेकंदाच्या आसपास ठेवून नैसर्गिक उजेडाने जवळजवळ काळेच चित्र येईल अशी व्यवस्था केली, की पक्षी दिसतो तो फक्त झोताच्या त्या सूक्ष्म क्षणी, आणि पंखाचे टोक तेवढ्यात एक मिलिमीटरच्या आसपासच सरकते. झोत मंद असल्यामुळे दोन-तीन फ्लॅश पक्ष्याच्या जवळ लावावे लागतात आणि पार्श्वभूमीला निराळा प्रकाश द्यावा लागतो, अन्यथा भर दिवसा काढलेला पक्षी मध्यरात्री उडत असल्यासारखा दिसतो. काहीजण मागे रंगवलेला किंवा छापील फलक उभा करतात; तांत्रिकदृष्ट्या ते निर्दोष असले, तरी अशा चित्रांना स्टुडिओतल्या फोटोची कळा येते, हे नमूद करायला हवे.

जुन्या लेन्सचा खरा पेच येथेच आहे. एफ/८वर आवळल्यावर साठ वर्षांपूर्वीच्या चांगल्या लेन्सचे बहुतेक दोष नाहीसे होतात आणि आजच्या लेन्सशी तुलना करता चित्रात उणे काढण्यासारखे फार थोडे राहते. परंतु दोषांबरोबर गरगर, साबणाच्या फुग्यांसारखे कवडसे आणि मऊ कडा हे सारे, ज्यासाठी ती लेन्स शोधून आणली तेही, नाहीसे होते. थिजलेले पंख आणि जुन्या काचेचा स्वभाव ही दोन्ही एका चित्रात क्वचितच येतात. फ्लॅशने पंखातील प्रत्येक पीस मोजता येते, पण डोळ्यांना हमिंगबर्ड कधीच तसा दिसत नाही. उलट सकाळच्या उन्हात पूर्ण उघड्या छिद्राने घेतलेल्या चित्रात डोळा व चोच रेखीव, पंखांचा नुसता धूर आणि मागे विरघळलेली हिरवाई असे जे मिळते, ते पाहणाऱ्याच्या अनुभवाशी अधिक प्रामाणिक असते. अभ्यासकाला पहिले चित्र लागेल. भिंतीवर लावण्यासाठी दुसरेच बरे.

गळ्याच्या रंगाचे गणित याहून वेगळे असून त्यात कोणतीच लेन्स, जुनी वा नवी, मदतीला येत नाही. नराच्या गळ्यावरचा लाल रंग हा पिसांत मिसळलेल्या रंगद्रव्याचा नसतो. पिसांच्या सूक्ष्म तंतूंमध्ये मेलॅनिन या काळ्या द्रव्याच्या अतिशय पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि प्रत्येक चकतीत हवेचे बुडबुडे अडकलेले असतात; या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून ठरावीक रंगच उजळवतात. ही रचना उलगडून दाखवण्यात ग्रीनवॉल्ट यांचा वाटा होता. गळ्याच्या पिसांचे तंतू सपाट असल्याने ते रंग एकाच दिशेला परावर्तित करतात आणि म्हणूनच त्याच पक्ष्याचा गळा एका क्षणी निखाऱ्यासारखा पेटतो, तर मान जरा वळताच काळाकुट्ट दिसतो. पाठीवरील पिसांचे तंतू वळलेले असल्यामुळे तेथील हिरवी झळाळी मात्र बऱ्याच कोनांतून दिसते. गळ्याचा रंग हवा असेल तर प्रकाश कॅमेऱ्याच्या बाजूनेच, छायाचित्रकाराच्या पाठीमागून यायला हवा.

प्रकाश पाठीमागून असणे जुन्या लेन्सलाही मानवते. भिंगाच्या पृष्ठभागावरून होणारे परावर्तन कमी करणारा पातळ लेप झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली सिद्ध केला, तरी दीर्घकाळ हा लेप एकपदरीच असे. बहुपदरी लेप सर्रास झाले ते १९७०च्या दशकात, आणि असाहीने १९७१ पासून आपल्या टाकुमार लेन्सच्या नावातच त्याचा उल्लेख सुरू केला. एकपदरी लेपाच्या लेन्सवर समोरून ऊन पडले, की आतल्या आत उसळणाऱ्या प्रकाशाने संपूर्ण चित्र दुधाळ होते. साधे काळे हूड बसवल्याने जो फरक पडतो तो महागडा ॲडॅप्टर घेऊनही पडत नाही. याउलट ज्यांना पंखांतून आरपार जाणारे ऊन टिपायचे असते, ते मुद्दाम प्रकाशाकडे तोंड करतात, दुधाळपणा पत्करतात आणि गळ्याच्या लाल रंगावर पाणी सोडतात. पांढऱ्या छातीच्या किंवा चकाकत्या पात्राच्या कडेला उमटणारी जांभळी किनार हा जुन्या काचेचा आणखी एक दोष. तो संगणकावर बराचसा पुसता येतो.

नाभीय अंतर याहून मोठे हवे असेल, म्हणजे पात्र सोडून दूरच्या डहाळीवरचा पहारेकरी नर टिपायचा असेल, तर जुन्या लेन्सची मर्यादा जाणवू लागते. मेमिंगन येथील नोव्होफ्लेक्स या जर्मन कंपनीने यासाठी पिस्तुलासारखी मूठ दाबून फोकस सरकवायची लांब लेन्स बनवली होती आणि उडत्या पक्ष्यांसाठी ती आजही काहींच्या वापरात आहे. सोव्हिएत ‘फोटोस्नायपर’ संचात तर ३०० मिलिमीटरची ताइर लेन्स बंदुकीच्या दस्त्यावर बसवलेली असे. ती घेऊन आजच्या शहरी वस्तीत हिंडणे शहाणपणाचे ठरणार नाही. ॲनाच्या हमिंगबर्डचा नर मादीसमोर उंचावरून खाली सूर मारतो आणि सुराच्या तळाशी शेपटीच्या पिसांतून मोठा चिवकार उमटतो. २००८ साली संशोधकांनी तो आवाज गळ्यातून नव्हे, तर पिसांच्या कंपनातून येतो हे सिद्ध केले. अशा सुराचे चित्र हवे असणाऱ्याने हाताने फिरवायच्या लेन्सचा हट्ट सोडलेला बरा.

जुनी लेन्स विकत घेताना तिच्या आरपार विजेरी धरून पाहणे आवश्यक असते. भिंगांच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी असते, धुके दिसले तर आतल्या वंगणाची वाफ बसलेली असते आणि पात्यांवर तेलाची चकाकी असेल तर छिद्र वेळेवर बंद होत नाही. फोकसचे कडे जड फिरत असेल तर हमिंगबर्डसाठी ती लेन्स निरुपयोगी समजावी, कारण शेवटची मिलिमीटरभर दुरुस्ती त्याच कड्याने करायची असते. साठीच्या दशकातील सुपर-टाकुमार ५० एफ/१.४ सारख्या काही लेन्समध्ये थोरियम मिसळलेली, क्षीण किरणोत्सर्ग करणारी काच वापरली जात असे. ती कालांतराने पिवळी पडते आणि काही दिवस अतिनील प्रकाशात ठेवल्यास बरीचशी निवळते. मुंबईच्या चोरबाजारात अशा लेन्स अजूनही हाती लागतात, पण कोकणपट्टीच्या दमट हवेत वाढलेली बुरशी हा तेथील खरेदीतला सर्वांत मोठा धोका असतो.

पक्ष्याच्या बाजूनेही काही पथ्ये आहेत. अमेरिकेत १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने हमिंगबर्डला, त्याच्या घरट्याला आणि अंड्यांना संरक्षण दिलेले आहे. कोळ्याच्या जाळ्याने बांधलेले आणि बाहेरून दगडफूल चिकटवलेले हे चिमुकले घरटे मादी एकटीच बांधते आणि पिल्लेही एकटीच वाढवते. तेथे छायाचित्रकार रेंगाळला की ती तितका वेळ घरट्यापासून दूर राहते. घरट्यापुढची फांदी चित्रासाठी कापणे म्हणजे सावली हिरावून पिल्लांना उन्हात टाकणे होय. खाद्यपात्राजवळ हा प्रश्न येत नाही, म्हणूनही ही हौस पात्रापुरती ठेवणे योग्य.

हीच पद्धत महाराष्ट्रात शिंजिरावर वापरता येते आणि येथे ती काहीशी सोपी होते. शिंजीर अधूनमधून तरंगतो, पण बहुधा फुलाच्या देठावर किंवा शेजारच्या फांदीवर बसूनच रस पितो, त्यामुळे १/१००० सेकंदाचा वेगही पुरतो आणि फ्लॅशवाचून भागते. त्याच्यासाठी साखरपाणी टांगण्याचीही गरज नसते. जास्वंद किंवा कर्दळ फुललेली असली की तो स्वतःहून येतो, आणि १३५ मिलिमीटरच्या लेन्सचा फोकस एखाद्या ताज्या उमललेल्या फुलावर लावून ठेवता येतो. जांभळ्या शिंजिराच्या नराचा धातूसारखा चकाकता रंग मात्र विणीच्या काळापुरताच असतो आणि तो सरल्यावर गळ्यापासून पोटापर्यंतचा एक गडद पट्टा तेवढा मागे राहतो, म्हणून रंगाचे चित्र घ्यायचे असल्यास उन्हाळ्याचे महिने साधावे लागतात.